पायरीखालचं जनावर

वैशाख लागला की काशीत गंगेचं पाणी उतरतं आणि पोरांचे चेहरेही. पाणी उन्हानं उतरतं, चेहरे परीक्षेनं. परवा मी कॉलेजच्या वर्गात पर्यवेक्षण करत फिरत होते. पंखा नुसता आवाज करत होता आणि पहिल्या बाकावरची मुलगी स्पंजची आकृती काढत होती. फुलदाणीसारखा एक आकार, अंगभर भोकं, बाजूंनी आत शिरणारे बाण आणि वरच्या मोठ्या तोंडातून बाहेर पडणारा एक जाड बाण. शेवटच्या बाणापाशी ती थबकली. पेन्सिल चावत माझ्याकडे पाहू लागली. मला काही सांगता येणार नव्हतं. पण त्या बाणाची दिशा मी जशी शिकले, तशी फार थोड्यांनी शिकली असेल, एवढं मात्र त्या उकाड्यात मनाशी म्हणून घेतलं.

स्पंज म्हटलं की लोकांना भांडी घासायचा पिवळा चौकोन आठवतो. जरा शिकलेल्यांना समुद्र आठवतो, निळं पाणी आठवतं. समुद्रापासून इतक्या दूर, आमच्या गंगेत स्पंज असतो आणि तो जिवंत प्राणी असतो, हे सांगितलं तर बनारसी माणूस पान तोंडात धरून तुमच्याकडे दयेनं बघतो. मला त्या नजरेची आता सवय झाली आहे. एम्.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी नव्हती, आणि त्या वर्षी तर घरीदारी सगळे तशाच नजरेनं बघत होते.

तो मला सापडला शिंदे घाटावर. तिथं ते तिरकं कललेलं देऊळ आहे ना, त्याच्या जवळच. पाणी उतरू लागलं की पायऱ्या एकेक करून वर येतात, गाळ वाळतो आणि सगळीकडे हिरवं बुळबुळीत शेवाळ दिसतं. आमच्याकडे त्याला काई म्हणतात. एका पायरीचा दगड खालून झिजून आत गेलेला होता आणि त्या आडोशाला, पाण्याच्या जरा खाली, हाताच्या पंजाएवढा हिरवट थर होता. उजेडाकडे हिरवा, सावलीकडे फिकट, मळकट पिवळा. बोट लावलं तर बुळबुळीत लागलं नाही, खरखरीत लागलं. बोट नाकाशी नेलं तर ओल्या लोखंडात लसूण ठेचावी तसा वास. काईला असा वास नसतो. मी पायरीवर बसकण मारली आणि कुर्त्याच्या बाह्या कोपरापर्यंत भिजेस्तोवर तिथंच राहिले.

विभागातले आमचे सर भले गृहस्थ. माझे मार्गदर्शकही तेच. मी आणलेला तुकडा त्यांनी लांबूनच पाहिला आणि म्हणाले, "बेटा, काई है, काई. समुद्री स्पंज पर लिख दो, किताबें भरी पड़ी हैं. दो हफ़्ते में डिज़र्टेशन तैयार."

"सर, ज़िंदा है. पानी खींचता है."

"तो प्रैक्टिकल के दिन ज़िंदा दिखा देना. नहीं दिखा पाई तो विषय ख़ारिज. साल जाएगा, सोच लो."

मी विचार केला नाही. विचार केला असता तर समुद्रावर लिहिलं असतं. मी कधी समुद्र पाहिला नव्हता, आणि जे पाहिलं नाही त्यावर लिहायचं आणि जे हाताला लागलंय ते सोडायचं, ही गोष्ट मला पटेना. हट्ट म्हणा हवं तर. घरी सगळे तेच म्हणत.

घरचा तह वेगळाच होता. आमचे अण्णा वैदिक. कित्येक पिढ्यांपूर्वी कोकणातून आलेलं घर. आता महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांचं श्राद्ध, तर्पण, स्नानाचे संकल्प असं अण्णांचं चालतं. घरात मराठी, दारात हिंदी. मुलीनं बँकेची परीक्षा द्यावी, कायमची नोकरी धरावी, हे त्यांच्या मनात. मला संशोधन करायचं होतं. खूप वादावादी होऊन शेवटी त्यांनी निवाडा दिला, "वैजू, हे वर्ष तुझं. पार पडलं तर पुढचंही तुझंच. नाही पडलं तर बँकेच्या परीक्षेला बसायचं, आणि मग शिकायत करायची नाही." मी मान डोलावली. अण्णा शब्दाचे पक्के आणि मी त्यांचीच मुलगी, त्यामुळे दोघांनाही त्यातून सुटका नव्हती.

तो हिवाळा आणि ती चैत्रातली सकाळची उन्हं मी त्या पायरीवर काढली. स्पंजची गंमत अशी की त्याला काही म्हणजे काहीच नसतं. तोंड नाही, पोट नाही, काळीज नाही, मेंदू तर नाहीच. एका जागी चिकटलेलं सच्छिद्र शरीर. आत बारीक कालवे आणि कालव्यांच्या वाटेवर छोट्या छोट्या खोल्या. खोल्यांच्या भिंतीवर पेशी बसलेल्या असतात. प्रत्येक पेशीला गळ्याभोवती कॉलर आणि कॉलरच्या मधोमध एक चाबूक. तो चाबूक हलत राहतो. एका पेशीच्या चाबकानं काय होणार? काहीही नाही. पण सगळ्याच जणी हलवत राहतात, म्हणून पाणी अंगावरच्या बारीक रंध्रांतून आत येतं, कॉलरमध्ये जे अडकेल ते खाल्लं जातं आणि गाळलेलं पाणी वरच्या मोठ्या भोकातून बाहेर जातं. सांगाडा म्हणाल तर काचेचा. खरोखर काचेच्या जातीच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या सुया, एका चिवट धाग्यानं एकमेकींना बांधलेल्या. हिरवा रंगही त्याचा स्वतःचा नव्हे. अंगात राहायला आलेल्या शैवालाचा. ते उजेडात अन्न करतं आणि भाड्यापोटी थोडं याला देतं. वरच्या अंगाला मणिकर्णिकेचं स्मशान. तिथली राख वाहत येते, निर्माल्य येतं, कुणाकुणाचं काय काय येतं. हा बापडा आडोशाला बसून सगळं गाळतो. मला त्याचा अभिमान वाटायचा. बिनमेंदूच्या प्राण्याचा अभिमान वाटतो असं मैत्रिणींना सांगायची मात्र सोय नव्हती.

अक्षय्य तृतीया आली. आमच्याकडे त्या दिवशी पितरांच्या नावानं पाण्यानं भरलेला मातीचा घडा दान करतात, आणि नेमके त्याच सुमारास यजमान फार येतात. सणाच्या गडबडीत दोन दिवस घाटावर जाणं झालं नाही. सणानंतरच्या सकाळी मी गेले तर पायरी चकचकीत. खालून, वरून, आडोशातूनसुद्धा. दगडाचा असा रंग मी कधी पाहिलाच नव्हता. पाण्यात हात घालून चाचपलं. गुळगुळीत. पुन्हा पुन्हा चाचपलं, शेजारची पायरी, तिच्या शेजारची. नुसता स्वच्छ दगड. सफाईवाल्यांनी केलं असेल असं वाटून मी तिथंच त्यांना मनसोक्त शिव्या घातल्या.

घरी आले तर अण्णा ओसरीवर बसून तळहातांना खोबरेल चोळत होते. हात लाल झालेले.

"काय झालं अण्णा?"

"अगं, परवापासून खुजली सुटलीय. तेल लावलं, हळद लावली, काही उपयोग नाही. काई साफ केली ना घाटावर, तेव्हापासून."

"कुठली काई?"

"शिंदे घाटाची. दरवर्षीच करतो, यजमान फिसलतात. या खेपेला तू रोज जिथं उतरतेस ती पायरी आधी घेतली. अंदरपर्यंत घासली. तुझा पाय घसरला तर परीक्षेच्या वेळी परेशानी." आणि मग जरा कौतुकाच्या अपेक्षेनं माझ्याकडे पाहून, "दिसली का नाही? कशी झालीय?"

 ज्या माणसावर ओरडायचं त्यानं माझ्यासाठीच नारळाची शेंडी आणि तारेचा ब्रश घेऊन गुडघाभर पाण्यात उभं राहावं, म्हणजे ओरडायचीही चोरी. मी त्यांच्यासमोर बसले आणि त्यांचे हात हातात घेतले.

"अण्णा, ती काई नव्हती. माझं जनावर होतं ते. काईनं हात खाजत नाहीत. त्याच्या अंगात काचेच्या सुया असतात, त्या रुतल्यात."

अण्णांनी तळहात डोळ्यांजवळ नेऊन पाहिले. "काच," एवढंच म्हणाले. मग उठून आत गेले आणि त्या दिवशी जेवलेच नाहीत. आईनं मला विचारलं, मी सांगितलं, आणि मग आम्ही तिघांनीही त्यावर बोलायचं सोडलं.

पुढचे दिवस मी उन्हातान्हात घाटाघाटांवर पायऱ्यांखाली हात घालत हिंडले. नावेनं रामनगरच्या काठाला गेले. जुन्या बोटींचे तळ पाहिले, बुडालेले बांबू पाहिले. वाळू, गाळ आणि खरीखुरी काई. नावाडी मल्लाह मला "काई वाली दीदी" म्हणू लागले. सरांना सांगितलं तर त्यांनी हात पसरले, "देखो बेटा, परीक्षा की तारीख़ तो मैं नहीं बढ़ा सकता." त्यांचं काही चुकत नव्हतं. माझंही चुकलं नव्हतं. चुकलं असेल तर अण्णांच्या मायेचं, आणि मायेविरुद्ध कुठं अर्ज करणार?

एके दिवशी मी अंगणात खाटेवर पडून होते. आई तुळशीला पाणी घालत होती आणि नाक मुरडून म्हणाली, "अगबाई, तुळशीला कसला हा वास मारतोय? लसूण ठेचल्यासारखा. आपल्याकडे तर लसूण येतसुद्धा नाही."

मी ताडकन उठले. अण्णा संध्येच्या पळी-पंचपात्रासमोर बसले होते. "अण्णा, घासून काढलेलं सगळं तुम्ही टाकलंत कुठं? गंगेत ना?"

"गंगेत?" अण्णांना ते ऐकूनच सहन होईना. "गंगेत घाण टाकायची? मी कधी टाकलीय का? टोपलीत भरून आणली, सुखवली आणि तुळशीला घातली. गंगेची चीज आहे, खत होईल."

मी तुळशीपुढे गुडघे टेकले आणि माती उकरायला हात घातला, तर आई ओरडली, "अगं अगं! आज द्वादशी आहे. आज तुळशीला हात लावत नाहीत!"

तिचं खरं होतं. आमच्या घरात द्वादशीला तुळशीला कुणी हात लावत नाही. मी हात मागं घेतला आणि अण्णांकडे पाहिलं. साऱ्या मराठी गल्लीत असल्या प्रश्नांवर त्यांचाच शब्द अखेरचा. अण्णांनी डोळे मिटले, क्षणभर ओठ हलले, बहुधा कुठलीशी ओळ मनात पडताळून पाहत असावेत. मग शांतपणे म्हणाले, "निषेध आहे तो पान तोडण्याला. माती काढायला शास्त्राची ना नाही. मुळं सांभाळून काढ."

त्यांनी केलेल्या चुकीबद्दल ते मला एक शब्द बोलले नव्हते, पुढंही कधी बोलले नाहीत. पण तो निवाडा देताना त्यांचा आवाज कसा झाला होता हे मी विसरणार नाही. मला रडूच कोसळलं, आणि रडतरडतच मी माती उकरली.

वाळून भुसा झालेल्या त्या हिरव्या-करड्या चुऱ्यात मला हवे होते ते दाणे. नदी उतरू लागते, पाणी तापतं, तेव्हा गोड्या पाण्यातला स्पंज आपलं आवरतं घेतो. अंगातल्या काही पेशी गोळा होतात, पोटात शिदोरी भरून घेतात आणि स्वतःभोवती कडक कवच बांधतात. बाकीचं शरीर मरतं, सडतं, जातं. दाणा राहतो. ऊन लागो, कोरडं पडो, दाण्याला फरक पडत नाही. पाणी आलं की कवचाच्या बारीक भोकातून पेशी बाहेर सरपटतात आणि पुन्हा सगळं बांधायला घेतात. मी हे पुस्तकात वाचलं होतं. पुस्तकात वाचणं आणि वैशाखात तुळशीच्या कुंडीपुढे बसून त्यावर विश्वास ठेवणं यात खूप अंतर आहे.

अण्णांच्या जुन्या उपरण्याच्या तुकड्यातून मी ती माती गाळली. कापडावर खसखशीहून बारीक तपकिरी दाणे राहिले. मातीच्या पसरट परळात काचेची पट्टी ठेवली, तिच्यावर दाणे, वर गाळलेलं गंगेचं पाणी. परळ माठाच्या आडोशाला, गारव्याला. रोज सकाळी पाणी बदलायचं, पट्टी भिंगाखाली बघायची आणि परत ठेवायची.

काही होईना. लाइट जायची, अंगाची लाही व्हायची, मैत्रिणींचे प्रबंध बांधून तयार झाले. आई एकदा दबक्या आवाजात म्हणाली, "बँकेचं वाईट नसतं गं वैजू. थंड हवेत बसायचं असतं." मी म्हटलं, "माहीत आहे." आणि पाणी बदललं. तेव्हा मला एक गोष्ट नीट कळली होती. आशा वाटते म्हणून काम करायचं नसतं. सकाळ झाली की पाणी बदलायचं, एवढंच आपल्या हातात असतं आणि तेवढं पुरतं. आशा मागून येते, नाही आली तरी पाणी बदललेलं असतं.

अण्णा संध्येला जाता-येता माठाकडे न बघितल्यासारखं करत. पण परळातलं पाणी उन्हानं कमी झालं की ते कधी भरलेलं दिसे, आणि आई शपथेवर सांगे की तिनं हात लावला नाही.

आणि एका सकाळी एका दाण्याभोवती धुरकट पांढरी कड दिसली. काचेवर खिरीचा थेंब सांडून पुसायचा राहावा, तशी. दुसऱ्या दिवशी ती पसरली. मग शेजारच्या दाण्यातूनही एक निघाली आणि दोघी एकमेकींना भेटून एकच झाल्या. थोड्या दिवसांनी त्या पारदर्शक साईवर एक इवलंसं धुराडं उभं राहिलं. मी अण्णांना हाक मारली. पूजेच्या वाटीतलं पाणी घातलेलं दूध सुईच्या टोकानं त्या साईच्या कडेला सोडलं. अण्णा चष्मा कपाळावर सरकवून भिंगावर वाकले.

पांढरा ढग जरा तरंगला, कडेनं आत ओढल्यासारखा विरला, आणि धुराड्याच्या तोंडातून पांढरी बारीक रेघ वर निघाली. सरळ, न थांबता.

"हे पितं?" अण्णांनी कुजबुजत विचारलं.

"गाळतं. स्वतः पाणी ओढतं, हवं ते ठेवतं, बाकीचं सोडतं."

"कुणाच्या सांगण्यावरून? दिमाग तर नाही म्हणतेस."

"कुणाच्याच नाही. सगळ्या पेशी आपापला चाबूक हलवतात, बस्स."

अण्णा बराच वेळ वाकून होते. सरळ झाले तेव्हा म्हणाले, "परीक्षेला घेऊन जाताना मी येतो. ऊन फार आहे."

विद्यापीठाच्या वाटेवर ई-रिक्षात मांडीवर परळ घेतलेली मी, आणि शेजारी धोतर-उपरण्यातले अण्णा, माझ्यावर नव्हे तर परळावर छत्री धरून बसलेले. प्रत्येक खड्ड्याला ते रिक्षावाल्याला ओरडत होते, "अरे धीरे, भइया! जानवर बैठा है!" रिक्षावाला मागं वळून वळून साप शोधत होता.

बाहेरून आलेले परीक्षक उंच, कोरडे. मी कार्मिनची लाल भुकटी पाण्यात कालवून कडेला सोडली. लाल ढग तिथंच राहिला. धुराडं मिटून गेलेलं. सरांनी नजर खाली केली.

"ये तो मर गया लगता है," परीक्षक म्हणाले.

"नहीं सर. रास्ते में हिला है, इसलिए बंद कर लिया है. छेड़ो तो ये सिमट जाता है. थोड़ा वक़्त दीजिए."

"कितना?"

"जितना इसे चाहिए, सर."

हे असं मी परीक्षकाला बोलले, यावर आजही माझा विश्वास बसत नाही.  त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, खुर्ची ओढली आणि इतर मुलांच्या तोंडी परीक्षा घेऊ लागले. मी परळापाशी उभी राहिले. खिडकीतून बाहेर गुलमोहराखाली अण्णा छत्री मिटून बसलेले दिसत होते. बाकी सगळ्यांचं झालं. पुन्हा लाल थेंब सोडला. ढग तरंगला. मग कडेनं पुसट होत गेला, आणि मिटलेलं धुराडं उघडून त्यातून लाल रेघ वर आली. परीक्षक भिंगावर वाकले ते बराच वेळ उठलेच नाहीत. सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, "काई नहीं है, मान गए."

बाहेर आले तर अण्णांनी काय झालं ते विचारलंच नाही. माझा चेहरा पाहिला आणि म्हणाले, "मग पुढचं वर्षही तुझंच." परतताना छत्री त्यांनी माझ्यावर धरली.

उरलेले दाणे मी त्याच आडोशाच्या फटीत परत सोडले, आणि तिथं पुन्हा खरखरीत थर धरला. तेव्हापासून दरवर्षी पायऱ्या घासताना अण्णा त्या आडोशाला हात लावत नाहीत. तिथं पाय टेकणाऱ्या यजमानाला सांगतात, "तिथं नको. तिथं वस्ती आहे." यजमानांना ते काहीतरी शास्त्रातलं वाटतं आणि ते मुकाट्यानं दुसऱ्या पायरीवर जातात.

या वर्षी मात्र मनात पाल चुकचुकत होती. गेल्या पावसात पूर मोठा आला, पायऱ्यांवर गाळाचे थर बसले, मग घाटाची डागडुजी झाली, दगडांच्या फटी सिमेंटनं भरल्या. आणि अण्णांचे गुडघे आता वाकत नाहीत. काल कॉलेजातून येऊन मी पदर खोचला, नारळाची शेंडी घेतली आणि त्यांना वरच्या पायरीवर छत्रीखाली बसवून पाण्यात उतरले. खाली, शेवटपर्यंत, यजमानांचे पाय पडतील तिथवर सगळं घासून काढलं. मग शेंडी बाजूला ठेवून उघडा हात त्या आडोशात घातला. पाणी गढूळ, काही दिसेना. एका कडेला सिमेंट लागलं, मग चिखल, मग दगड, मग आत, अगदी आत, काहीतरी. खरखरीत होतं की नुसता गाळ, मला ठरवता येईना. मी हात तिथंच ठेवला, काढला, पुन्हा ठेवला.

वरून अण्णांनी हाक दिली, "आहे का गं?"

"कळत नाही अण्णा. दिसत नाही काही."

मी हात पाण्यातून काढून उन्हात धरला.  अण्णांनी वरून विचारलं,

"हात खाजतोय का?"

मी तळहात कमरेला पुसला. बोटांच्या पेरांत, अंगठ्याच्या मुळाशी, मुंग्या आल्यासारखी बारीक बारीक आग सुरू झाली होती.

"हो अण्णा."

"मग आहे," अण्णा म्हणाले, आणि छत्री टेकत उठायला लागले.